समजावून सांगणारा माणूस

आमच्या गावच्या वाचनालयात विज्ञानकथांची पुस्तकं ‘शेतीविषयक’ अशी चिठ्ठी लावलेल्या कपाटात असत. ड वर्गाचं वाचनालय, ग्रामपंचायतीमागची एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि पेपर चाळायला एक लांब बाक. ग्रंथपाल म्हणजे गावातलेच एक काकाजी. पुस्तकावर ‘विज्ञान’ दिसलं की ते बियाणं, खत नाहीतर फवारणी, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे अंतराळयानं संत्र्यावरची कोळशी आणि कपाशीवरचा मावा यांच्या मधे उभी असत. पुढे तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ती ‘कथा-कादंबरी’त लावायला सांगितली. तिथं ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या गर्दीत गेली ती पुन्हा कुणाच्या हाताला लागली नाहीत. मला विचाराल तर काकाजींची मांडणीच बरोबर होती. हा लेख मी त्यांच्या बाजूनं लिहितो आहे असं समजा.

मी वणी तालुक्यातला. घरी वावर आहे, तालुक्याच्या गावी कृषी केंद्र आहे, आधी बाबांचं, आता माझं. या दोन्हींतून उरलेल्या वेळात मी विज्ञानकथा लिहितो. वेळ किती उरतो ते हंगाम ठरवतो. मृगाच्या आधीपासून पोळ्यापर्यंत दुकानात डोकं वर काढता येत नाही. लिखाण होतं ते दिवाळीनंतर, हरभऱ्याला पाणी देताना. पंपाची लाईन बरेचदा रात्रीचीच असते. स्टार्टरच्या पेटीजवळ बाज टाकायची, मोबाइलवर लिहीत बसायचं, पाण्याचा दांड फुटला की उठायचं, पाणी वळवून पुन्हा येऊन बसायचं. माझी वाक्यं आखूड आणि नेमकी असतात असं एका संपादकांनी कौतुकानं कळवलं होतं. ती दांडामुळे आखूड आहेत.

वाचनाचा नाद लावला तो दुकानानंच. शाळेतून आलो की गल्ल्यामागे बसायचं आणि गिऱ्हाईक नसलं की हाताला लागेल ते वाचायचं. हाताला लागायचं ते औषधाच्या डब्याबरोबर येणारं घडीचं माहितीपत्रक. बारीक छपाईत एकाखाली एक भाषा, त्यातून मराठी हुडकून काढायची. डब्यावर तिरका चौकोन आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग: लाल सगळ्यांत जहरी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पत्रकात विषबाधेची लक्षणं, उतारा, डॉक्टरांसाठी सूचना. डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक होते, तोंडाला लाळ सुटते, श्वास लागतो. एका कागदात अख्खी भयकथा असायची आणि ती कुणालाही कुणी वाचून दाखवलेली नसायची. गिऱ्हाईक पत्रक दुकानातच टाकून जायचं. संध्याकाळी झाडताना मी ती गोळा करायचो.

काकाजींचं कपाट त्यानंतरचं. ज्यूल व्हर्न मला भा. रा. भागवतांच्या मराठीतून भेटला. मग नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. दिवाळी अंक आमच्याकडे संक्रांत उलटून गेल्यावर पोचायचे, तेही कुणाच्या तरी नागपूरच्या पाहुण्यांकडून, शब्दकोडं भरलेले. जयंत नारळीकरांची एक हकिगत मला त्यांच्या कथांइतकीच आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून केलेलं नाव. तोवर केंब्रिजमधल्या कामानं त्यांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं होतं, आणि त्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये एवढीच इच्छा. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. मे २०२५ मध्ये नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुकानात बियाण्याचे खोके उतरवून घेत होतो. हमालाला मी सांगितलं, फार मोठा माणूस गेला. तो म्हणाला, “कोन्या पक्षाचा होता जी?”

या सगळ्यांच्या कथांवर मी वाढलो, आणि वाढता वाढता एक गोष्ट खुपायला लागली. बहुतेक कथांमध्ये एक समजावून सांगणारा माणूस असायचा. डॉक्टर अमुक नाहीतर प्रोफेसर तमुक, पुण्याला किंवा मुंबईला त्याची प्रयोगशाळा, आणि त्याचा एक मित्र, वार्ताहर किंवा पोलीस अधिकारी, जो नेमक्या जागी “म्हणजे काय?” असं विचारायचा. मग दोन पानं सापेक्षता, दोन पानं जनुकं. ती पानं मला आवडायची, खोटं कशाला बोलू. अकरावीच्या भौतिकशास्त्रापेक्षा मी त्या पानांवर जास्त शिकलो. मराठीत ही कथा वाढली तीच मुळी विज्ञानप्रसाराच्या आधारानं. १९६६ साली विज्ञान परिषद स्थापन झाली, तिच्या स्पर्धांनी लिहिणारे हात पुढे आणले, तेव्हा मास्तरकी तिच्या अंगात असणारच. पण आमच्याकडे विज्ञान येतं ते पिशवीत आणि डब्यात येतं. समजावून सांगणारा माणूस मागून येतो म्हणतात, त्याची वाट बघण्यात हंगाम जातो.

बीटी कपाशीचंच घ्या. २००२ साली तिला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीच्या बियाण्यात घातलेलं, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करतं. वर्षानुवर्षं पाकिटाची रचना अशी होती: ४५० ग्रॅम बीटी बियाणं आणि सोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी, साध्या बिनबीटी बियाण्याची. ती छोटी पुडी मला त्या सगळ्या तंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. वावरभर बीटीच असली, तर त्या प्रथिनाला न जुमानणाऱ्या मोजक्या अळ्या तेवढ्या जगणार, त्यांची आपसात पैदास होणार आणि काही वर्षांत सगळी जातच तशी होणार. म्हणून चारी धुऱ्यांनी, म्हणजे बांधांच्या कडेनं, साधी कपाशी लावायची. तिथं साध्या अळ्यांना खुशाल खाऊ द्यायचं. त्यांचे पतंग त्या मोजक्या निर्ढावलेल्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरेल अशी निपजते. म्हणजे वैरी नामशेष होणार नाही एवढी जागा त्याच्यासाठी आपणच राखायची, कारण त्यातच आपला बचाव! असं कथानक मला सुचलं असतं तर मी वर्षभर कॉलर ताठ करून फिरलो असतो.

ते पाकिटाच्या पोटात फुकट आलं आणि लोकांनी धुऱ्यावर फेकलं. फेकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याच्याजवळ पाच एकर कोरडवाहू आहे तो त्यातल्या काही ओळी अळीच्या जेवणावळीला कशा देईल? “हे हलकं बियानं कायले देता जी संगं?” असं विचारणाऱ्याला मी समजावत असे, पण पेरणीच्या दिवसांत काउंटरपुढे माणसांची रांग असते आणि मागून कुणीतरी ओरडतं, “भाऊ, पुरान नंतर सांगा, आधी आमाले मोकळं करा.” पुढे दोन जनुकांची बीटी आली. शेवटच्या वेचणीनंतरही पाणी देऊन फरदड घेतली गेली, त्यामुळे बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळालं. आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं दोन्ही जनुकं पचवलेली सगळ्या विदर्भानं पाहिली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत सडकी कवडी. शाळेच्या पुस्तकात उत्क्रांती म्हणजे जिराफाची मान होती, लाखो वर्षांची गोष्ट. आमच्याकडे ती दीड दशकात झाली आणि तिचं नुकसान क्विंटलमध्ये मोजता आलं.

त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर सदरा आणि तोंडाला फार तर दुपट्टा. घडीची पत्रकं तेव्हाही डब्यांसोबत होतीच. यावर मी कथा लिहिलेली नाही. एकांनी मागितली होती, पुढच्या शतकात यंत्रमानव फवारणी करतात वगैरे. मी नाही म्हटलं.

इंग्रजी वाचन उशिरा सुरू झालं, नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांत हात घालायला लागल्यावर. तिथंच ॲसिमोव्हची ‘नाइटफॉल’ मिळाली. १९४१ ची कथा. सहा सूर्यांचा ग्रह, त्यामुळे तिथं अंधार पडतो तो २०४९ वर्षांतून एकदा. तो पडतो, माणसांना जन्मात पहिल्यांदा तारे दिसतात, आणि भयानं वेडी झालेली माणसं उजेडासाठी आपलीच शहरं पेटवतात. कथा थोर आहे यात वाद नाही. मी ती वाचली मात्र भारनियमनाच्या काळात, दिवसाचे दहा-बारा तास लाईन नसायची तेव्हा, कंदिलाशी बसून. बाहेर अंगणात आबाजी नातवंडांना सप्तर्षींतली बाज आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर दाखवत होते. लेकरं चोरांना शिव्या देत होती. वाचता वाचता माझं त्या थोर कथेशी भांडण झालं. अंधार पडला म्हणून एवढं?

त्या भांडणातून माझी पहिली कथा निघाली. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेले पाहुणे पृथ्वीवर वस्ती कुठं नाही ते उजेडावरून ठरवतात. आमचा भाग रात्री काळाकुट्ट, म्हणून निर्मनुष्य समजून तिथं उतरतात. गाव त्यांना लाईनवाले समजतं आणि ट्रान्सफॉर्मर कधी बदलून देता म्हणून घेराव घालतं. कथेत कुणीही शास्त्रज्ञ नव्हता. ती परत आली. सोबत चिठ्ठी: ‘विनोदी आहे, पण यात विज्ञान कुठे?’ दुसऱ्या एकांकडून उत्तर आलं की ग्रामीण की विज्ञान, एक काय ते ठरवा. छापली ती तिसऱ्यांनी, ‘विनोदी’ या सदराखाली. काकाजींच्या कपाटाचीच तऱ्हा. फक्त काकाजींनी निदान कपाट तरी बरं निवडलं होतं.

मग २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठचा सुमार. आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली. महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात हजारोंनी ती पाहिली, मोबाइलवर टिपली. काही वेळानं चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत धातूची एक प्रचंड कडी येऊन पडली, व्यास सुमारे तीन मीटर. जवळच्या पवनपारला धातूचा गोळा सापडला. कुणाला लागलं नाही, ही त्या रात्रीची पुण्याई. चीननं फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून परतताना फुटला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे इस्रोचे लोक येऊन पाहून गेले.

मला त्या प्रसंगात सर्वांत मोलाचं वाटलं ते लोकांचं वागणं. कडी गार होईपर्यंत लांब उभं राहायचं, मग जवळ जायचं, हातानं मापायची, ठोकून बघायची, ठाण्यात कळवायचं. शंभर वर्षांतल्या परदेशी कथांमध्ये आकाशातून काही पडलं की गर्दी किंचाळत पळते. इथं गर्दीनं वस्तूचा हिशेब लावला. आणि पोलीस आले म्हणजे पुढचं ठरलेलं: पंचनामा.

पंचनाम्याची भाषा मला तोंडपाठ आहे. गारपीट झाली, रोही (नीलगायी) हरभऱ्यात शिरले, रानडुकरांनी मका लोळवला की तलाठी येतो आणि लिहितो. समक्ष पाहणी केली असता. पूर्वेस अमुकचे वावर, पश्चिमेस नाला. इतके आर बाधित. पंचांच्या सह्या, एखादा अंगठा. भावना नाही, विशेषण नाही, कारणमीमांसा तर अजिबात नाही. जे दिसलं ते आणि जे मोजलं ते. मराठी गद्यातल्या या प्रकाराचं कुणी कौतुक करत नाही, पण अद्भुत गोष्ट सांगायला इतकी योग्य शैली मला दुसरी सापडलेली नाही. आकाशातून रॉकेट पडलं हे वाक्य कितीही नटवलं तरी थिटंच पडतं. ‘पूर्वेस गावठाण, मध्यभागी एक धातूची कडी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. लाडबोरीनंतर मी समजावून सांगणारा माणूस शोधणं सोडलं आणि कथेत पंच आणून बसवले. ते बघतात, मोजतात, सही करतात. कारण काय ते वाचणाऱ्यानं घरी जाऊन ठरवावं.

तसंही समजावणारे तरी एका शब्दावर कुठं राहतात? लोणारचं सरोवर घ्या. बुलढाणा जिल्हा, बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर, व्यास जवळजवळ १.८ किलोमीटर. लवणासुराची कथा सगळ्यांना माहीत. मी ऐकत आलो ते वय सुमारे ५२ हजार वर्षं, उष्मादीप्ती पद्धतीनं काढलेलं. त्यावर माझी एक लांब कथा बेतलेली आहे: आघाताच्या दिवशी शंभर कोसांवर शिकारीला गेलेली माणसं, आणि त्यांचं परतणं. मग २०११ च्या सुमारास आर्गॉनच्या समस्थानिकांवरून नवं वय आलं, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे दहापटीहून जास्त, आणि आपल्या जातीचा माणूसच तेव्हा जगात नव्हता. एका मित्रानं फोन करून सांगितलं, तुझी कथा बाद झाली. मी म्हटलं, लवणासुराची कुठं झाली? कथा तशीच ठेवली आहे, पण आता ती माणसं माणसं आहेत असं कुठंही म्हटलेलं नाही. दोन पायांवर चालतात, विस्तव सांभाळतात आणि मेलेल्यांसाठी थांबतात. मला ती आधीपेक्षा चांगली वाटते.

सध्या हातात आहे ती कथा घराजवळची. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा तालुका, आणि त्या तालुक्यात पिसदुरा. तिथल्या वावरांमध्ये डायनासोरची हाडं दगड होऊन सापडतात आणि त्याहून अपूर्व म्हणजे त्यांचं शेण, तेही दगड झालेलं. लांबट, बोटाएवढं ते मुठीएवढं. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि परदेशी अभ्यासकांचा लेख आला. त्यांनी हे शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं आणि त्यात गवताच्या पेशींतले गारगोटीसारखे सूक्ष्म कण सापडले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर असं मानत की डायनासोर संपल्यावर गवतं फोफावली. पिसदुऱ्याच्या शेणानं सांगितलं की ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्या महाकाय जनावरांच्या पायाखाली होतीच. पुढे धानाच्या कुळातली गवतंही तिथंच ओळखू आली. माझ्या वावरात हरळी आणि कुंदा उपटून कंबर मोडलेल्या बायांना मी हे सांगितलं, तर एक आजी म्हणाली, “तवाच म्हनलं, हे काई जात नाई.”

त्यांच्यावरच कथा आहे. एका कंपनीला त्या काळातलं गवत मुळासकट हवं आहे. मुळं न तोडता गवत उपटणं हे ज्यांना येतं त्यांनाच पाठवणं भाग आहे, म्हणून ठेकेदार निंदणाऱ्या बायांची टोळी सांगतो. प्राध्यापक कुणी जात नाही, विमा महाग पडतो. आपल्याला कुठं नेलं हे बायांना कुणी सांगत नाही. पक्षी वेगळे, झाडं वेगळी, आणि मातीही ओळखीची नाही म्हणून मुकादमीण पहिल्याच घटकेला अडून बसते: काळी जमीन कुठं गेली? (बेसाल्टचे थर तेव्हा इथं अजून पसरायचे होते आणि त्यांच्यावाचून आमची काळी माती नाही. हे वाक्य कथेत नाही, इथंच आहे.)

माझे पहिले वाचक म्हणजे ऐकणारे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बाभळीखाली, भाकरीची फडकी सुटली की मी वाचून दाखवतो. बायांना काळातला प्रवास लगेच पटला. डायनासोरही पटले, फक्त ते गवत खात असतील तर निंदायला माणसं कशाला लागतात हा प्रश्न आला आणि तो रास्त होता. खरी गाडी अडली ती पुढे. “तिथं दिस केवढा असते?” असं मुकादमीणबाईंनी विचारलं, आणि मला ठाऊक होतं म्हणून मी सांगून बसलो. सात कोटी वर्षांपूर्वीचा एक शिंपला सापडला आहे, त्याच्यावर रोजची एक रेघ उमटत असे. २०२० साली अभ्यासकांनी त्या रेघा मोजल्या. पृथ्वी तेव्हा जोरात फिरायची. दिवस साडेतेवीस तासांचा आणि वर्षात दिवस ३७२.

“म्हंजे अर्धा घंटा कमी भरला म्हनून मजुरी कापसान काय?”

मी म्हटलं, नाही, रोज तो रोज.

“मंग वर्साले सात हजेऱ्या जास्त,” दुसरीनं तिथल्या तिथं हिशेब केला. सगळ्या खूश झाल्या आणि ठेकेदाराशी बोलणी तिथंच सुरू झाली. ठेकेदार अर्थात मी.

बांधावर आमचा सालदार तंबाखू मळत बसला होता. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकच ठराविक रक्कम, असा त्याचा करार. तो म्हणाला, “अन् माहं कसं? सालाचे पैसे तर तेवढेच.”

मी त्याला समजावलं. वर्ष तेवढंच लांब आहे, पृथ्वी सूर्याभोवती तेवढ्याच काळात फिरते, दिवस लहान झाले म्हणून त्यांची संख्या वाढली. एकूण तास बरोबर सारखे. तुझं काहीच जात नाही.

“तास कोन मोजते भाऊ,” तो म्हणाला, “पहाटी उठनं किती डाव पडलं ते सांगा.”

ते ३७२ डाव पडतं. बायांनी त्याची बाजू घेतली. आता कथेत सालदारही आहे, वाटाघाटी सहा पानं चालल्या आहेत, संपादक पानं कमी करा म्हणतात, आणि गवताला अजून कुणी हात लावलेला नाही.